डुकरांना आयव्हरमेक्टिन: मात्रा किती, धोका कुणाला आणि विक्रीआधी किती दिवस थांबायचं?

सावंतवाडीजवळच्या एका तरुण वराहपालकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्याच्याकडे पाच माद्या, एक नर आणि वेगवेगळ्या वयाची पंचवीसेक डुकरं आहेत. गेला महिनाभर सगळी भिंतीला अंग घासतात आणि कानात करड्या खपल्या दिसतात. औषध दुकानातून त्याला १ टक्क्याच्या आयव्हरमेक्टिनची, म्हणजे जंत, उवा आणि खरजेवरच्या औषधाची, बाटली मिळाली. तिच्यावर गाईचं चित्र आहे, आणि ‘५० किलोला १ मि.ली. टोचा’ असं दुकानदाराने सांगितलं. दोन माद्या गाभण आहेत, त्यातली एक दहा-बारा दिवसांत विणार. सहा डुकरं नाताळसाठी गोव्याचा व्यापारी डिसेंबरच्या मध्याला घेऊन जाणार. आज २५ नोव्हेंबर. हे इंजेक्शन डुकराला चालतं का, गाभणीला चालतं का, आणि टोचल्यावर मांस कधी विकता येईल?

आधी थेट उत्तरं देतो. डुकराला चालतं. गाभणीला चालतं, उलट विण्याआधीचा आठवडा-पंधरवडा हीच तिला ते देण्याची चांगली वेळ. ५० किलोला १ मि.ली. हे माप गाईचं आहे, डुकराला ते कमी पडतं. आणि व्यापाऱ्याकडे जाणाऱ्या त्या सहा डुकरांना हे इंजेक्शन अजिबात देऊ नका. आता एकेक सविस्तर घेऊ, कारण यातल्या शेवटच्या मुद्द्यावर कुणी विचारच करत नाही असा माझा अनुभव आहे. सगळे विचारतात, ‘डुकराला काही होणार नाही ना?’ या औषधाच्या बाबतीत डुकराला सहसा काही होत नाही. जपायचं असतं ते खाणाऱ्याला.

पण बाटली उघडायच्या आधी, ही खरूजच आहे का? तुम्ही सांगितलेली लक्षणं तिचीच वाटतात: अंग घासणं, कान झटकणं, कानाच्या आतल्या बाजूला घट्ट बसलेल्या खपल्या. तरीही खात्री करायला फार वेळ लागत नाही. थोराड मादीच्या किंवा नराच्या कानात आत बोट घालून करडी-तपकिरी खपली खरवडून काढा, थोडी खोलवरची. ती काळ्या कागदावर ठेवून पाच-दहा मिनिटं कोवळ्या उन्हात ठेवा, मग भिंगाखाली बघा. साखरेच्या बारीक कणाहूनही लहान, पांढुरके ठिपके हळूहळू सरकताना दिसले तर निदान झालं. ते सार्कोप्टिस जातीचे खरजेचे किडे. दिसले नाहीत म्हणून खरूज नाही असं मात्र समजू नका. वाढत्या डुकरांत खाज फार आणि किडे थोडे असं नेहमी असतं, कारण खाज ही बऱ्याच अंशी किड्यांविरुद्धच्या ॲलर्जीची असते. म्हणून खपली घ्यायची ती म्हाताऱ्या मादीच्या कानातून. पिल्लाच्या पाठीवरून घेऊन काही हाती लागत नाही.

खरजेसारखं दिसणारं पण खरूज नसलेलं बरंच काही असतं. दोन-चार महिन्यांच्या डुकरांच्या पायांवर, पोटावर, पाठीवर जाड कोरड्या भेगाळ खपल्या आल्या आणि खाज जवळजवळ नसली, तर जस्ताची कमतरता असण्याची शक्यता जास्त. घरीच भरडा करून घालणाऱ्यांकडे मिनरल मिक्स्चर विसरलं की हे दिसतं. दुधावरच्या पिल्लांच्या अंगावर तेलकट, काळपट, चिकट पापुद्रा आला तर तो जिवाणूंचा त्वचारोग. तिथे आयव्हरमेक्टिनचा काहीच उपयोग नाही. पांढऱ्या यॉर्कशायर जातीच्या डुकरांची पाठ आणि कान नुसत्या उन्हानेही भाजतात. आणि ताप असेल, खाणं सुटलं असेल, कातडीवर लाल चौकोनी डाग किंवा कान-पोट जांभळट दिसत असेल, तर सिरिंज खाली ठेवा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा. २०२० पासून आपल्या देशात आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा जीवघेणा साथीचा रोग आहे. त्यावर औषध नाही, आणि एकाच सुईने सगळ्या शेडला टोचत जाणं हा तो पसरवण्याचा उत्तम मार्ग आहे.

खरूजच आहे असं धरून पुढे जाऊ. आयव्हरमेक्टिनची डुकरासाठीची मात्रा आहे दर किलो वजनाला ०.३ मि.ग्रॅ., कातडीखाली. गाई-म्हशी आणि शेळ्या-मेंढ्यांना ०.२ मि.ग्रॅ. लागतं. १ टक्क्याच्या औषधात १ मि.ली. मध्ये १० मि.ग्रॅ. असतं, म्हणून गाईला ५० किलोला १ मि.ली. आणि डुकराला ३३ किलोला १ मि.ली. तुमच्या दुकानदाराच्या हिशोबाने टोचलं असतं तर प्रत्येक डुकराला हवं त्याच्या दोन तृतीयांशच औषध गेलं असतं. चार दिवस खाज कमी झाल्यासारखी वाटते, महिन्याभरात पुन्हा सगळं सुरू होतं, आणि मग ‘कंपनीचं औषध खराब’ असा बोभाटा होतो. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक बाटल्या गुरं डोळ्यांसमोर ठेवून विकल्या जातात, त्यामुळे ही गल्लत सर्रास होते. बाटलीबरोबरचा घडी घातलेला कागद उघडून बघा. त्यात डुकराची मात्रा असेल तर ती वेगळी दिलेली असते. नसेल तर पशुवैद्यकाकडून मात्रा आणि विक्रीआधी थांबायचे दिवस दोन्ही चिठ्ठीवर लिहून घ्या.

मात्रा वजनावर आणि वजन अंदाजावर, इथे दुसरी चूक होते. काटा नसला तरी कापडी टेप असतो. सकाळी खाणं घालताना डुक्कर मान सरळ ठेवून उभं असतं तेव्हा पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर मोजा, आणि दोन कानांच्या मधून शेपटीच्या बुडापर्यंत पाठीवरून लांबी मोजा. दोन्ही मीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी गुणिले ६९.३, हे झालं किलोमधलं वजन. समजा घेर ०.९५ आणि लांबी ०.९८ आली, तर वजन साधारण ६१ किलो, औषध १.८५ मि.ली. काट्याइतकं अचूक येत नाही, पण ‘असेल पन्नासेक किलो’ यापेक्षा पुष्कळ बरं. २०० किलोच्या मादीला ६ मि.ली. लागतं. ते एकाच जागी न देता मानेच्या दोन्ही बाजूंना निम्मं निम्मं द्या.

टोचायची जागा कानाच्या लगेच मागे, मानेवर, जिथे कातडी सैल असते. मांडीत नको. मागच्या मांडीचं मांस सगळ्यात महाग विकलं जातं आणि तिथे गाठ राहिली तर नुकसान तुमचंच. मोठ्या जनावराला १६ किंवा १८ गेजची सुई, लहानाला १८ किंवा २०. आधी जागा धुऊन कोरडी करा, चिखलातून सुई घालू नका. औषध पाण्यासारखं पातळ नसतं, त्यात प्रॉपिलिन ग्लायकॉल वगैरे द्रव असतात. टोचताना झोंबतं, डुक्कर ओरडतं, एक-दोन दिवस किंचित सूज राहते. ती आपोआप जाते. शिरेत कधीही नाही, आणि त्याच सिरिंजमध्ये दुसरं कुठलंही औषध मिसळायचं नाही. एकाच फेरीत सगळं उरकायचं म्हणून व्हिटॅमिन आणि अँटिबायोटिक एकत्र ओढून टोचणारे लोक मी पाहिले आहेत. दुकानदारही तसा सल्ला देतात. खरजेला अँटिबायोटिक लागत नाही. खाजवून खाजवून जखमा पिकल्या असतील तरच, आणि तेव्हाही पशुवैद्यकाच्या चिठ्ठीने.

लहान पिल्लांबाबत एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. दहा किलोच्या पिल्लाला ०.३ मि.ली. लागतं. पाच मि.ली.च्या सिरिंजवर एवढं माप धड दिसत नाही, म्हणून लोक मेडिकलमधून इन्सुलिनची सिरिंज आणतात. आपल्याकडे इन्सुलिनच्या ४० युनिटच्या सिरिंजही मिळतात आणि १०० युनिटच्याही. १०० वालीवर ३० ची खूण म्हणजे ०.३ मि.ली.; ४० वालीवर तीच ३० ची खूण म्हणजे ०.७५ मि.ली., अडीच पट. एवढ्याने पिल्लू मरणार नाही, पण रोज अशा सिरिंजने काम करणं म्हणजे कधीतरी घोटाळा ठरलेला. त्यापेक्षा मि.ली.च्याच खुणा असलेली १ मि.ली.ची सिरिंज मागा. दुधावरच्या पिल्लांना तर बहुतेक वेळा टोचायची गरजच नसते. आईला विण्याआधी वेळेवर दिलं की पिल्लं स्वच्छ मोठी होतात.

आता डुकराला धोका किती? हे औषध किड्यांच्या आणि गोल जंतांच्या मज्जातंतूंतल्या ग्लुटामेटवर चालणाऱ्या क्लोराइडच्या वाटा उघड्या धरतं. त्याने त्यांचे स्नायू लुळे पडतात, खाणं थांबतं आणि ते मरतात. सस्तन प्राण्यांत अशा वाटा नसतात. त्यांच्यात याच्याशी जुळणारं जे काही आहे ते मेंदूत, आणि मेंदूत हे औषध सहसा शिरू दिलं जात नाही. म्हणून सुरक्षिततेची मोकळीक फार मोठी आहे. ठरलेल्या मात्रेच्या शंभर पट, म्हणजे किलोला ३० मि.ग्रॅ. टोचल्यावर डुकरांत सुस्ती, झोकांड्या, विस्फारलेल्या बाहुल्या, थरथर, धाप आणि आडवं पडणं ही लक्षणं दिसल्याची नोंद आहे. साठ किलोच्या डुकराला शंभर पट म्हणजे १८० मि.ली., ५० मि.ली.च्या जवळजवळ चार बाटल्या. चुकून एवढं कुणी देत नाही. पण विषबाधा झालीच तर उतारा म्हणून वेगळं औषध नाही, नुसती शुश्रूषा करावी लागते, हेही माहीत असू द्या. फार लहान, अशक्त पिल्लांत ही मोकळीक मोठ्यांइतकी धरून चालू नये.

जी सुरक्षितता डुकराला आहे ती शेडवरच्या कुत्र्याला असेलच असं नाही. कोली जातीच्या आणि तिच्याशी रक्ताचं नातं असलेल्या काही जातींच्या कुत्र्यांत मेंदूची ती राखण जन्मतः कमकुवत असते, आणि डुकराला किरकोळ वाटणारी मात्रा त्यांना कोमात नेऊ शकते. ‘उरलंय तर टोमीलाही टोचू’ हे करू नका. गावठी कुत्र्यालाही पशुवैद्यकाला न विचारता नाही.

गाभण मादीचं आता. विण्याआधी ७ ते १४ दिवस हा काळ ठरवलेला आहे तो दुहेरी फायद्यासाठी. मादीच्या कानातले किडे पिल्लांवर उतरायच्या आत मरतात, आणि जंतांची अंडी विणीच्या जागेत पडणं कमी होतं. तुमची पहिली मादी दहा-बारा दिवसांवर आहे, म्हणजे तिला आजच द्या. दिल्यानंतर दोन-तीन दिवसांनी तिला साबणाच्या पाण्याने ब्रशने घासून काढा, कानाच्या आतली खपली मऊ करून काढा आणि मगच धुतलेल्या विणीच्या खोलीत न्या. औषधाचा परिणाम एका रात्रीत होत नाही, पुरता व्हायला आठवडा लागू शकतो, म्हणून विण्याच्या आदल्या दिवशी टोचून काही साधत नाही. दुसऱ्या गाभणीलाही आज सगळ्यांबरोबर द्या, आणि विण्याआधी दहा दिवस पुन्हा एकदा.

सगळ्यांबरोबर हा शब्द मुद्दाम वापरला. खाजवणारी पाच टोचायची आणि ठणठणीत दिसणारा नर सोडायचा, यानेच खरूज वर्षानुवर्षं टिकते. नर प्रत्येक मादीजवळ जातो. त्याच्या कानातली एक जुनी खपली सगळा खर्च पाण्यात घालते. म्हणून विक्रीची ती सहा सोडून शेडमधल्या प्रत्येक जनावराला एकाच दिवशी, आणि १४ दिवसांनी पुन्हा. दुसऱ्यांदा यासाठी की औषध अंड्यांना मारत नाही. खरजेच्या किड्याची अंडी तीन ते पाच दिवसांत फुटतात आणि पुढच्या दोनेक आठवड्यांत नवी पिढी अंडी घालायला तयार होते. ती तयार व्हायच्या बेतात असताना दुसरा डोस बसतो. उवा असतील तर त्यांची लिखं आणखी हळू, कधी तीन आठवड्यांनी फुटतात, तेव्हा उवांवर नंतरही लक्ष ठेवा. पहिल्या मादीचा दुसरा डोस तिच्या विण्याच्या गडबडीत येईल. ती अस्वस्थ असेल तर तीन-चार दिवस पुढे ढकललात तरी चालेल. त्याच आठवड्यात शेण काढून, फरशी दाबाच्या पाण्याने धुऊन, उन्हात सुकू द्या. अंगाबाहेर हे किडे फार टिकत नाहीत, पण गार ओलसर कोपऱ्यात जास्त तग धरतात, आणि कोकणातल्या शेडमध्ये ओलसर कोपऱ्यांना तोटा नसतो.

इंजेक्शननंतर पहिले काही दिवस खाज वाढल्यासारखी वाटली तर घाबरू नका. मेलेल्या किड्यांवरही ॲलर्जी चालूच असते, आणि पूर्ण थांबायला काही आठवडे जातात. या काळात कुणी ‘गॅरेजमधलं जळकं ऑइल चोपड’ म्हणेल. चोपडू नका. त्यात धातूंचे अंश असतात, ते कातडीतून आणि चाटण्यातून आत जातं, आणि तेच डुक्कर पुढे कुणाच्या तरी ताटात जायचं असतं. करंजाच्या तेलाने खपली मऊ होते, तेवढ्यापुरतं ठीक. त्याला उपचार म्हणू नका.

आता त्या सहा डुकरांकडे येतो. औषध दिल्यावर ते अंगातून किती दिवसांत इतकं कमी होतं की मांस खायला द्यावं, त्या काळाला विथड्रॉवल पिरियड म्हणतात. तो शेवटच्या इंजेक्शनपासून मोजायचा, पहिल्यापासून नाही. १ टक्क्याच्या आयव्हरमेक्टिन इंजेक्शनसाठी अमेरिकेत डुकराला १८ दिवस ठरवले आहेत, युरोपातल्या अनेक लेबलांवर २८ आहेत. आपल्याकडे २०१२ च्या जानेवारीत औषध नियमांत दुरुस्ती होऊन असं ठरलं की ज्यांच्यापासून माणसाला खाणं मिळतं त्या जनावरांच्या औषधावर हा काळ छापलेला असावा, आणि त्या औषधासाठी तो तपासून ठरवलेला नसेल तर मांसासाठी किमान २८ दिवस धरावेत, चरबी आणि आतले अवयवही त्यात आले. तुमच्या बाटलीवर डुकराचा उल्लेखच नाही, तेव्हा २८ दिवसांच्या खाली बोलायचंच नाही.

मग तारखा मांडा. आज २५ नोव्हेंबरला पहिलं, ९ डिसेंबरला दुसरं, त्यापुढे २८ दिवस म्हणजे ६ जानेवारी. नाताळ गेला. तुमच्या मनात येईल की एकच टोचतो, २३ डिसेंबरला काळ संपतो, कागदावर बसतं. पण व्यापारी २३ पर्यंत थांबणार नाही. सॉसेजचं मांस मीठ-व्हिनेगर-मसाल्यात मुरवून सुकवायचं असतं, म्हणून त्याला डुकरं आधीच हवी असतात, आणि तुम्ही स्वतःच महिन्याचा मध्य म्हटलं आहे. पुढच्या वर्षी हा बाजार धरायचा असेल तर हिशोब उलटा करा: १५ डिसेंबरला विकायचं असेल तर दुसरं इंजेक्शन १७ नोव्हेंबरपर्यंत आणि पहिलं ३ नोव्हेंबरपर्यंत झालेलं हवं. दसरा-दिवाळीच्या सुमारालाच कान तपासायचे.

मी यावर एवढा का अडतो? आयव्हरमेक्टिन चरबीत विरघळतं. अंगात गेल्यावर ते रेंगाळतं ते चरबीत, यकृतात आणि टोचलेल्या जागी; स्नायूत कमी. युरोपातली अंशांची मर्यादाही तशीच आहे, मांसात किलोला ३० मायक्रोग्रॅम, चरबी आणि यकृतात १००, म्हणजे अंश तिथेच जास्त राहणार हे धरून ठरवलेली. आता गोव्यात नाताळला काय शिजतं ते आठवा. सोरपोतेल या डुकराच्या मांसाच्या कालवणात हृदय आणि यकृत बारीक चिरून पडतं. सॉसेजमध्ये चरबीचे तुकडे मुद्दाम घालतात, त्याशिवाय त्याला चव नाही. दुसऱ्या कुठल्या बाजारात डुक्कर गेलं असतं तर चरबी कदाचित फेकली गेली असती. इथे ती ताटात मुख्य असते. शिजवून, तळून, व्हिनेगरमध्ये मुरवून औषध निघून जाईल असं गृहीत धरू नका, ते उष्णतेला बऱ्यापैकी टिकतं. एका जेवणाने कुणी आजारी पडेल असं मी म्हणत नाही. पण सणाच्या दिवसांत घरातलं लहान मूलही तेच खातं, रोज खातं, आणि त्याने ते औषध मागितलेलं नसतं.

तेव्हा ती सहा डुकरं आजच वेगळ्या कप्प्यात काढा, त्यांना टोचू नका. मधे एक रिकामा कप्पा किंवा पक्की भिंत असावी, आणि भांडी-झाडू वेगळे. त्यांना साबणाने घासून खपल्या काढा, मिनरल मिक्स्चर नीट द्या, आणि व्यापाऱ्याला सांगून टाका की यांना खरूज आहे पण औषध दिलेलं नाही. खरजेचा भाग कातडीचा असतो. कापताना तपासणारा पशुवैद्यक तो काढायला लावतो, बाकी जनावर तंदुरुस्त असेल तर मांस चालतं. दर थोडा तुटेल, तुटू द्या. अमिट्राझची फवारणी करावी का, असं विचाराल. ते बाहेरून मारायचं औषध आहे आणि खरजेवर चालतं, पण त्यालाही थांबायचे दिवस आहेतच. तुमच्या हातातल्या बाटलीवर डुकरासाठी मात्रा आणि दिवस छापलेले नसतील तर तिथेही तोच २८ चा नियम लागतो, म्हणून या सहांना तेही नको. डुकरं गेल्यावर कप्पा धुऊन दोन आठवडे रिकामा ठेवा.

टोचलेल्यांची नोंद ठेवा. वही पुरे: तारीख, कानावरचा नंबर किंवा खूण, किती मि.ली., बाटलीचा बॅच नंबर, आणि पुढे ‘या तारखेआधी विकू नये’ असं ठळक. तुम्ही घरी नसताना व्यापारी आला तर वडिलांना ती वही दिसली पाहिजे. टोचलेल्या डुकरांवर रंगीत फवाऱ्याची खूण मारली तर आणखी बरं.

बाजारात आणखी काही बाटल्या दिसतील. ३.१५ टक्क्यांचं दीर्घकाळ टिकणारं आयव्हरमेक्टिन गुरांसाठी बनवलेलं आहे. काही देशांत त्याच्या मांसासाठी १०० दिवसांहून जास्त थांबावं लागतं. डुकराला ते नकोच. आयव्हरमेक्टिन आणि क्लोर्सुलॉन एकत्र असलेलं औषध गुरांच्या यकृतातल्या चपट्या जंतांसाठी असतं, डुकराला त्याचा उपयोग नाही. पाठीवर ओतायचं गुरांचं औषध डुकराच्या कातडीतून पुरेसं शोषलं जात नाही. खाद्यात मिसळायची पावडर मिळाली तर ती सात दिवस रोज द्यावी लागते, किलो वजनाला ०.१ मि.ग्रॅ., आणि मिसळणं एकसारखं नसलं तर दांडगं डुक्कर दुप्पट खातं आणि खरं आजारी उपाशी राहतं. तुमच्याएवढ्या कळपाला इंजेक्शनच बरं. डोरामेक्टिन हा याच घराण्यातला भाऊ. तो डुकराला स्नायूत देतात, जास्त दिवस टिकतो, त्याचे थांबायचे दिवस वेगळे.

माणसांनी हे पिऊ किंवा टोचून घेऊ नये हे लिहायची वेळ यावी याचं वाईट वाटतं, पण मे २०२१ मध्ये गोवा सरकारने १८ वर्षांवरच्या सगळ्यांना कोविडसाठी आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या देण्याची घोषणा केली होती, आणि जागतिक आरोग्य संघटना तेव्हा त्याविरुद्ध सांगत होती. त्यानंतर ‘डुकराचं तेच माणसाचं’ असा समज कित्येकांच्या डोक्यात बसला तो अजून आहे. जनावरांच्या इंजेक्शनमधले द्रव माणसासाठी तपासलेले नसतात. टोचताना सुई स्वतःच्या हातात गेली तर जागा साबणाने धुवा, बाटली घेऊन डॉक्टरांकडे जा. हातमोजे घाला, डोळ्यांत उडू देऊ नका, तंबाखू मळायच्या आधी हात धुवा. डुकरांची खरूज तुमच्या हातावर खाजवेल, पण माणसाच्या कातडीत तिची वीण वाढत नाही. डुकरं बरी झाली की तुमचीही खाज जाते.

शेडला मत्स्यतळं जोडलं असेल तर टोचल्यानंतरचे दोन-तीन आठवडे शेण आणि धुतलेलं पाणी तळ्यात सोडू नका. औषध मुख्यतः शेणातून बाहेर पडतं, आणि पाण्यातल्या बारीक जिवांना, ज्यांवर मासे जगतात, ते अगदी सूक्ष्म प्रमाणातही घातक आहे. रिकामी बाटली ओढ्यात टाकू नका.

मूळ शोधाबद्दल दोन ओळी. जपानमध्ये सातोशी ओमुरा यांनी मातीतून शोधलेल्या एका जिवाणूपासून हे औषध आलं, अमेरिकेत विल्यम कॅम्पबेल यांनी त्यावर काम केलं, १९८१ मध्ये ते जनावरांसाठी बाजारात आलं, आणि दोघांना २०१५ चं नोबेल मिळालं. इतकं नाव झालं म्हणूनच ‘सगळ्यावर चालतं’ असा त्याचा लौकिक पसरला. तो खरा नाही. गोल जंत, फुप्फुसातले जंत, उवा आणि खरूज यांवर ते उत्तम. चाबकासारख्या जंतांवर परिणाम कमी-जास्त होतो. पट्टकृमीवर (टेपवर्मवर) अजिबात नाही. डुकराच्या मांसात तांदळाच्या दाण्याएवढ्या ज्या पाणचट गाठी दिसतात, त्या एका पट्टकृमीच्या आहेत, त्याच कृमीच्या अंड्यांमुळे माणसाला मेंदूत गाठी होऊन फिट येतात, आणि आयव्हरमेक्टिन टोचलेलं डुक्कर या गाठींपासून मुक्त झालं असं समजू नका. त्यासाठी ऑक्सफेंडॅझोल किलोला ३० मि.ग्रॅ. एकदाच तोंडाने देतात, गाठी विरायला त्यानंतरही काही आठवडे ते महिने लागतात. आणि डुकरं मोकळी सोडून माणसाची विष्ठा खात असतील तर कुठलंच औषध पुरत नाही.

९ डिसेंबरच्या दुसऱ्या इंजेक्शननंतर महिन्याने तीन-चार थोराड जनावरांच्या कानातून पुन्हा खपली काढून काळ्या कागदावर बघा. किडे हलताना दिसले तर तिसरं इंजेक्शन आपल्या मनाने देऊ नका. आधी वही, वजनाची मापं आणि बाटली घेऊन तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, आणि नराला दोन्ही वेळा खरंच टोचलं होतं का ते घरी विचारून जा.